सम्राट आणि घमेलं

"अर्ध्या चंदगड तालुक्याला यांनी संडासात बसवलं," असं माझ्या निरोप समारंभात साहेब माईकवरून म्हणाले होते. लगेच त्यांनी "म्हणजे तशी सवय लावली" अशी दुरुस्ती केली, पण तोवर मांडव हसून मोकळा झाला होता. मी जिल्हा परिषदेत स्वच्छतेचं काम केलं. जिथे पावसापुढे छत्रीही हात टेकते, त्या डोंगरी गावांत हातात टमरेल घेऊन निघालेल्या माणसांना गाठून मी गुलाबाचं फूल दिलं आहे, हात जोडले आहेत, आणि फूल घेऊनही जो पुढे चालता झाला त्याच्यामागे शिट्टी फुंकत गेलो आहे. आमच्या त्या तुकडीला गुड मॉर्निंग पथक म्हणत. लोक आणखीही काही म्हणत, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की अशा माणसाच्या कोल्हापुरातल्या फ्लॅटमध्ये, वीतभर लांबीच्या एका जिवाने, त्या माणसाच्या डोळ्यांत डोळे घालून सोफ्यामागे घाण करावी, याला काय म्हणायचं? मी याला आव्हान म्हणालो. आमची संयोगिता म्हणाली, "आव्हान नंतर घ्या, आधी फडकं घ्या."

त्या जिवाचं नाव सम्राट. आमची मुलगी तेजस्वी सुट्टीला आली होती, तेव्हा पार्किंगमध्ये माझ्या मोपेडखाली ओरडत बसलेलं हे केशरी पिल्लू ती वर घेऊन आली. नाव ठेवलं, फोटो काढले, सगळीकडे पाठवले आणि नोकरीसाठी पुण्याला निघून गेली. सम्राट राहिला. त्याने पहिल्या आठवड्यात सोफ्याची मागची बाजू घेतली, मग बाल्कनीतली तुळस सोडून सगळ्या कुंड्या घेतल्या, मग निरोप समारंभात मला मिळालेली शाल घेतली. शाल धुऊन वाळत घातली तेव्हा संयोगिताने निकाल दिला. "गौरी-गणपतीच्या आत हे शिकलं तर शिकलं. न्हाईतर वारणानगरला आक्कांकडं पाठवायचं. देवासमोर असली भानगड मला चालणार न्हाई."

आक्का ही माझी थोरली बहीण. तिच्याकडे गाई आहेत, दूध आहे, मोकळं अंगण आहे, आणि तीन कुत्री आहेत. त्यांतलं एक कुत्रं वासरालाही भिववतं. सम्राट त्या अंगणात किती वेळ टिकला असता, याचा अंदाज मला होता आणि तो मला करवत नव्हता. खरं सांगायचं तर निवृत्तीनंतर घरात माझं बोलणं पुरतं ऐकून घेणारा तो एकटाच होता. मी स्वच्छतेवर बोलायला लागलो की संयोगिताला गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवतं. सम्राट मात्र पोटाखाली पाय घेऊन समोर बसायचा आणि शेवटपर्यंत हलायचा नाही. मला तो हवा होता. म्हणून मी ठरवलं, की जे चंदगडला जमलं ते या फ्लॅटमध्ये जमलंच पाहिजे.

कामाची पहिली पायरी म्हणजे सुविधा उपलब्ध करून देणं. बाजारात मांजरांसाठी रंगीत पेट्या मिळतात, पण मी बांधकामाचं नवंकोरं घमेलं आणलं. कडा बुटक्या, तळ रुंद, लाभार्थ्याला चढउतार सोपा. त्यात दुकानातून आणलेली सुवासिक खडी ओतली आणि ते बाथरूमकडे जाणाऱ्या बोळात ठेवलं. सम्राटने वास घेतला, शिंकला, एक खडा चावून पाहिला आणि पुन्हा शिंकत सोफ्यामागे गेला.

दुसरी पायरी जनजागृतीची. घमेल्याच्या वर, सम्राटच्या उंचीला, मी घमेल्यात बसलेल्या मांजराचं चित्र चिकटवलं. संयोगिताने विचारलं, "त्याला चित्र कळतंय व्हय?" मी म्हणालो, चित्राचा परिणाम हळूहळू होतो. सम्राटने ते चित्र नखांनी हळूहळू फाडलं.

तिसरी पायरी निगराणी. घमेल्यापासून हातभर अंतरावर पाट टाकून मी बसू लागलो. गळ्यात शिट्टी, खिशात झेंडूचं फूल. तो सोफ्याकडे वळला की शिट्टी. शिट्टी न जुमानता त्याने कार्यभाग उरकलाच, तर रागावायचं नाही, फूल पुढे करायचं. चंदगडात फुलाने माणूस खजील व्हायचा. सम्राटने फूल खाल्लं आणि गालिच्यावर ओकलं.

शिट्टीमुळे बातमी सोसायटीभर झाली. आमच्या वरच्या मजल्यावर भैरवी राहते. ती घरी बसून कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात मांजरांबद्दल वाचते. ती खाली आली, पाट पाहिला, शिट्टी पाहिली आणि हळूच म्हणाली, "काका, त्याला जरा प्रायव्हसी द्या ना. मांजरं फार लाजाळू असतात."

"अगं, प्रायव्हसी दिली की माणसंसुद्धा उसाच्या फडात जातात," मी म्हणालो. "हे माझं आयुष्यभराचं क्षेत्र आहे."

ती "बरं काका" म्हणून गेली. तरुण पिढीला अनुभवाची किंमत नाही, यावर मी सम्राटशी बराच वेळ बोललो.

मग आले सोसायटीचे चेअरमन राजवर्धन. यांचं टाइल्सचं दुकान आहे आणि आवाज असा, की ते तळमजल्यावर खासगीत बोलले तरी गच्चीवर कळतं. त्यांनी घमेल्यात हात घालून खडी चोळून पाहिली. "काका, चुकताय तुम्ही. मांजर म्हंजे वाळू! आणि ती बी नदीची. आमच्या गोडावनात जुनी दोन पोती पडल्यात, घेऊन जावा."

नदीची वाळू हल्ली सोन्यासारखी जपून आणावी लागते, हे मला ऐकून ठाऊक होतं. पण दोन पोत्यांना कोण विचारणार, असं वाटलं. एक पोतं मोपेडच्या पुढे आणि एक मागे घेऊन मी गोडावनातून निघालो, तर गावाबाहेरच्या चौकात महसूलवाल्यांचं भरारी पथक उभं. डंपर पकडायला उभं राहिलेलं ते पथक सकाळपासून रिकाम्या हाताने कंटाळलं असावं. मला बघून त्यांच्यात जीव आला.

"काय हाय पोत्यात?"

"वाळू."

"कुणाचं बांधकाम?"

"बांधकाम नाही. मांजरासाठी नेतोय."

पथकातल्या साहेबांनी टोपी मागे सारली. "मांजर घर बांधायलंय व्हय?"

मी शांतपणे सगळं समजावलं. जितकं समजावलं तितकी आजूबाजूला माणसं जमली. शेवटी माझ्याकडून लेखी जबाब घेण्यात आला, की सदर वाळू माझ्या पाळीव मांजराच्या शौचाकरिता नेत असून विक्रीचा कोणताही हेतू नाही. सरकारी भाषा मीही आयुष्यभर लिहिली आहे, पण इतकी लाजिरवाणी सही कधी केली नव्हती. सही बघून पथकातला एक तरुण कर्मचारी पुढे आला. "साहेब, तुम्ही ते गुलाबवाले न्हवं? आमच्या गावात आलता. माझ्या आज्ज्याला फूल दिलतं तुम्ही!"

चारचौघांत ओळख निघाल्याने मला धीर आला. "मग? आजोबांवर काही परिणाम झाला का?"

"झाला की. त्यांनी ते फूल आज्जीला न्हेऊन दिलं. आज्जी अजून इचारत्या, हे खरं कुणासाठी आणलतं म्हणून."

पोती सोडली. मी घमेलं भरलं. सम्राटला वाळू मनापासून आवडली. तो तिच्यात शिरला, त्याने खड्डे काढले, बुजवले, पुन्हा काढले, आणि वाळू पार देवघरापर्यंत उडवली. आता बसणार म्हणून मी पाटावरून पुढे वाकलो. त्याने माझ्याकडे पाहिलं, पाय झटकले आणि बाकीचं काम करायला सोफ्यामागे गेला. त्या दिवशी आमटीसुद्धा दाताखाली कचकचली. संयोगिताने आक्काला फोन करून तिच्याकडे मांजर मावेल अशी झाकणाची पाटी आहे का, हे विचारून घेतलं.

आता मी हट्टाला पेटलो. सुवासिक खडी टोचते, वाळू उडते, तर मऊ आणि दबून राहणारी माती हवी. आणि अख्ख्या कोल्हापुरात सगळ्यात मऊ माती कुठली, हे इथल्या लहान पोरालाही विचारावं लागत नाही. आमच्या मागच्या गल्लीत कुस्तीची तालीम आहे. तिथल्या हौद्यातली, म्हणजे कुस्ती खेळायच्या खड्ड्यातली, लाल माती चाळून चाळून पिठासारखी केलेली, तिच्यात ताक, हळद, लिंबू, तेल, कापूर मुरवलेला. ताकाच्या वासावर मांजर येणार, हळदीने जंतू मरणार. एकाच मातीत आकर्षण आणि आरोग्य! हे चंदगडात का सुचलं नाही, असंही वाटून गेलं.

बादली घेऊन मी तालमीत गेलो. तिथले वस्ताद आकाराम म्हणजे दार भरून टाकणारा माणूस. मी चपला बाहेर काढल्या, हौद्याला नमस्कार केला आणि म्हणालो, "थोडी माती मिळेल का? घरातल्या लहानग्यासाठी हवी होती."

यात एकही शब्द खोटा नव्हता. पण वस्तादांचा चेहरा असा काही खुलला, की पुढचं बोलायचा मला धीर होईना.

"न्या की पावणं! हल्लीची पोरं मोबाईल सोडत न्हाईत, तुमच्या घरात मातीची आवड हाय म्हंजे भाग्यच की. खुराक काय देताय?"

"दूध. आणि कधीमधी मासे."

"ब्येस. मेहनत?"

"सकाळी उठल्याबरोबर पडद्यावर चढतो."

"व्हय? म्हंजे दोरखंडाची तयारी हाय!" वस्तादांनी स्वतःच्या हाताने बादली भरली. "ह्या मातीला पाय लावू नगा, डोक्याला लावा. आणि मी एकदा येऊन बघून जातो पोराला."

मी घाईने नको नको म्हणत राहिलो. ते त्यांनी नम्रता समजून घेतलं.

लाल मातीचा परिणाम ताबडतोब झाला. सम्राट घमेल्यात उतरला, उताणा पडला, दोन्ही कुशींवर लोळला, पाठ घासली आणि अंगभर लाल होऊन त्यातच झोपला. मी पाटावर बसून वाट बघितली. तो उठला, आळस दिला, खाली उतरला, सोफ्यामागे जाऊन आला आणि पुन्हा घमेल्यात झोपला. म्हणजे आता त्याला एक बिछाना मिळाला होता आणि माझा प्रश्न होता तिथेच होता.

संध्याकाळी वस्ताद आले. हातात म्हशीच्या दुधाची किटली. संयोगिताने दार उघडलं. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं.

"कुठाय पैलवान?"

"कोण पैलवान?" संयोगिता म्हणाली.

मी मधे पडायच्या आत वस्ताद बोळापर्यंत पोचले होते. घमेल्यात लाल झालेला सम्राट एक पाय वर करून स्वतःला चाटत होता. वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं, चित्राच्या चिंध्यांकडे पाहिलं, पाटाकडे आणि माझ्या गळ्यातल्या शिट्टीकडे पाहिलं. मग त्यांना सगळं उमगलं. कोल्हापुरात माणसाने काहीही करावं, पण तालमीच्या मातीचं हे करू नये, ही अक्कल मला त्या क्षणी आली.

वस्तादांनी सम्राटला अलगद उचलून खांद्यावर घेतलं, वाकून चिमूटभर माती घेतली आणि नाकाशी नेली.

"घाण न्हाई केली ह्यानं," ते म्हणाले.

"नाही ना, तीच तर अडचण आहे," माझ्या तोंडून निघून गेलं.

"अडचण?" वस्तादांचा आवाज चढला. "अवो, त्या मुक्या जीवाला बी कळतंय, हौद्यात घाण करायची नस्ती. तुमच्यासारख्या शिकल्या-सवरल्या माणसाला कळंना?"

त्यांनी सगळी माती आपल्या हाताने बादलीत भरून घेतली, फरशीवर सांडलेलीसुद्धा बोटांनी टिपली, आणि कपाळाला लावली. दारात किटली संयोगिताच्या हातात दिली. "ह्ये दूध त्याचं हाय, वैनी. ह्यांस्नी चहाला बी देऊ नगा."

मला फार लागलं. दुधाचं नाही, मला म्हशीचं पचतही नाही. पण ज्या माणसाला पाहून गावंच्या गावं वाट बदलायची, त्याची त्याच्याच बोळात ही अवस्था झाली होती. चेअरमन दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले आणि आपल्या खासगी आवाजात म्हणाले, "काका, तालमीत म्हणं चर्चा हाय तुमची." ती चर्चा आता गच्चीपर्यंत गेली.

गणपतीच्या आधी आक्का आली, झाकणाची पाटी घेऊन. चहा पिता पिता म्हणाली, "वसंता, एवढं तोंड पाडू नगंस. कुत्री काय रोज चावत्यात व्हय?"

मी चहा ठेवला. "आक्का, हे मांजर नेऊ नकोस. मला ते लागतं," मी म्हणालो. एवढं सरळ मी घरात बऱ्याच वर्षांत बोललो नव्हतो. संयोगिता ओट्याकडून वळून बघायला लागली. "मला शेवटची एक संधी द्या. आत्ता, तुमच्यादेखत."

घमेल्यात चेअरमनांची उरलेली वाळू घातली. सम्राटला वस्तादांचं दूध पोटभर पाजलं. मी पाटावर बसलो, शिट्टी ओठांत धरली. आक्का आणि संयोगिता स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. सम्राट आला. घमेल्यात चढला. त्याने एक छोटा, व्यवस्थित खड्डा केला. त्यावर बसला. शेपटी ताठ झाली. मी आणखी थोडा पुढे सरकलो, आणि त्याला हुरूप यावा म्हणून मान हलवली.

सम्राटने माझ्याकडे बघितलं. शेपटी खाली आली. तो उठला, घमेल्यातून उतरला आणि सोफ्यामागे गेला.

आक्काने पाटीचं झाकण काढलं. मी शिट्टी गळ्यातून काढून खाली ठेवली.

"थांबा," संयोगिता म्हणाली. "आक्का, बघितलासा न्हवं? बसला होता तो. चांगला बसला होता. ह्यांच्याकडं बघितलं आणि उठला." मग ती माझ्याकडे वळली. "अहो, तुम्ही असं तोंडात शिट्टी धरून समोर बसल्यावर मला तरी होईल का ओ?"

आक्का इतकी हसली की तिला टेकून बसावं लागलं.

"पाटी राहू दे, आक्का," संयोगिता म्हणाली. "मांजर इथंच राहू दे. ह्यांना न्या."

मी विरोध केला. मी या विषयातला जाणकार आहे, असं म्हणालो. प्रकल्प अर्ध्यावर असताना अधिकाऱ्याची बदली करू नये, असंही म्हणालो. पण आक्काने माझे कपडे पाटीत भरले सुद्धा होते, आणि सम्राट सोफ्यामागून आमच्या निघण्याची वाट बघत होता.

वारणानगरला मी अंगणात खुर्ची टाकून बसायचो. तिन्ही कुत्री माझ्या पायाशी यायची, मधेच उठून कुंपणापलीकडे कुठेतरी जायची आणि निवांत परत यायची. ती कुठे जातात हे बघायला मी एकदा उठलो, तर आक्का घरातून ओरडली, "वसंता, खाली बस!"

मग संयोगिताचा फोटो आला. फोटोत फक्त घमेलं होतं. मी तो मोठा करून पाहिला. वाळूत एक नीटस उंचवटा होता, वरून झाकलेला, चारी बाजूंनी सारखा केलेला. माझे डोळे भरून आले. मी तो फोटो आक्काला दाखवला, डेअरीतून आलेल्या भाऊजींना दाखवला आणि दूध न्यायला आलेल्या बायांनाही दाखवला. भाऊजी म्हणाले, "छान आहे वसंतराव, पण जेवण झाल्यावर दाखवा." संयोगिताला फोन लावला. सम्राट रोज आपण होऊन जातो, कुणी सांगावं लागत नाही, असं ती म्हणाली.

"मग मी निघू?"

"गणपती बसला की या की, पावण्यासारखं. तवर त्याची सवय पक्की होऊ दे."

पाहुण्यासारखाच गेलो. शिट्टी कुठे ठेवली हे मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. सम्राट माझे पाय हुंगत राहिला, मग मांडीवर चढला आणि घुरघुरायला लागला. आक्काकडून आणलेला खवा संयोगिताच्या हातात द्यायचा राहून गेला, कारण मला उठवेना.

संध्याकाळी लोक दर्शनाला आले. भैरवी आली, चेअरमन आले, आणि नंतर, दार भरून, वस्ताद आकारामही आले. त्यांनी देवाला नमस्कार केला आणि माझ्याकडे न बघता सम्राटला विचारलं, "काय पैलवान?" मखर हॉलमध्ये भिंतीशी होतं आणि समोर बोळ. तेवढ्यात सम्राट माझ्या मांडीवरून उतरला, अंग ताणलं आणि सगळ्यांच्या पायांमधून वाट काढत बोळाकडे चालू लागला. तो कुठे निघालाय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. एकेक मान वळायला लागली. चेअरमन तर चांगले पुढे वाकले.

मी ताडकन उभा राहिलो. "कुणीही बघायचं नाही!" मी ओरडलो. निवृत्तीनंतर तो आवाज मला पहिल्यांदाच सापडला होता. "सगळ्यांनी देवाकडे तोंड करा!"

सगळे वळले. वस्तादसुद्धा वळले आणि त्यांनी हात जोडले. मीही देवाकडे तोंड करून उभा राहिलो. मागे बघायची इच्छा इतकी अनावर झाली, की मी डोळे मिटून घेतले. संयोगिता माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग बोळातून वाळू खरवडल्याचा आवाज आला, थांबला, आणि अगदी सावकाश, नीट झाकून घेतल्यासारखा पुन्हा आला. घरात कुणीही मान वळवली नाही.

एकट्या गणपतीचं तोंड तिकडे होतं. त्याला मी काही बोललो नाही.